कांस, कोसा आणि सोललेले लिंबू

चित्रकाराने फळांसाठी गाव बदलावे, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून मला फार आवडते. यान डाव्हिट्स डी हेम हा डच चित्रकार १६०६ साली उट्रेख्टला जन्मला आणि तिशीच्या आसपास अँटवर्पला जाऊन राहिला. त्याच्याच काळातला जर्मन चित्रकार आणि लेखक योआखिम फॉन झांड्रार्ट याने त्याचे कारण लिहून ठेवले आहे. अँटवर्पला मोठाले आलुबुखार, पीच, चेरी, संत्री, लिंबे, द्राक्षे जास्त चांगली आणि नेमकी पिकलेली मिळत, आणि डी हेमला ती समोर ठेवून रंगवायची होती. आश्रयदाता मोठा मिळाला, पैसा जास्त मिळाला, असले कारण झांड्रार्ट देत नाही. फळे चांगली होती, एवढेच सांगतो.

या डी हेमचे १६४० सालचे भलेथोरले फळफराळाचे मेज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दोन मीटर रुंद चित्र. कधीकाळी ते चौदाव्या लुईच्या संग्रहात होते, आणि अडीचशे वर्षांनी तरुण मातीसने लूव्रमध्ये त्यासमोर बसून त्याची नक्कल केली. बरोक काळातली ही श्रीमंती स्थिरचित्रे. डच लोक त्यांना प्रोंकस्टिलेव्हन म्हणतात. चांदीची तबके, चिनी मातीची भांडी, शिंपल्याचे पेले, लाल भडक शेवंडे, कापलेले कलिंगड, अर्धे सोललेले लिंबू, घडी विस्कटलेले रेशीम. ॲम्स्टरडॅमच्या रिक्स म्युझियममध्ये आड्रियान व्हान उट्रेख्टचे १६४४ सालचे एक चित्र आहे, जवळजवळ अडीच मीटर रुंद. त्यात खाद्यपदार्थांच्या राशींबरोबर वाद्ये आहेत, पोपट आहे, माकड आहे, कुत्रा आहे. फक्त माणूस नाही. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते, आणि हे सगळे कुणी आणले, कुणी पिकवले, कुणी घासूनपुसून ठेवले, हा प्रश्न तिथेच माझ्या मनात शिरला.

महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या असंख्य लोकांना स्थिरचित्र नवे नाही. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. बाकावर एक तांब्या, एक वाडगा, दोन फळे, मागे घड्या घातलेले कापड. मी नागपुरात कितीतरी वर्षे मुलांना या परीक्षांसाठी शिकवते आहे. मुले लंबवर्तुळ बरोबर काढतात, छाया-प्रकाश देतात, ‘ए’ ग्रेड आणतात. पण समोरच्या वस्तूवर कुणाचा जीव जडला आहे, असे क्वचित दिसते. कपाटातून दरवर्षी तीच प्लॅस्टिकची सफरचंदे निघतात. डी हेमने त्यासाठी गाव बदलले नसते.

रायपूरला जायचे ठरले ते या अस्वस्थतेतून. माझी एक मावशी तिथे लग्न होऊन गेली ती तिथलीच झाली. “दिवाळीच्या आधी ये,” ती फोनवर म्हणाली, “बाजार तेव्हा बघण्यासारखा असतो.” तिची सून, म्हणजे माझी वहिनी, खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात चित्रकला शिकलेली. खैरागढच्या राजा-राणीने आपला महाल देऊन, दिवंगत मुलीच्या नावाने १९५६ साली हे विद्यापीठ उभे केले, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. म्हणजे वाट दाखवायला घरचेच माणूस होते. पिशवीत रंग, कागद आणि डी हेम, विलेम काल्फ, पीटर क्लास यांच्या चित्रांचे छापील नमुने घेतले आणि निघाले.

नागपूरहून हावड्याच्या मार्गाने जाणारी गाडी भंडारा, गोंदिया मागे टाकते. दरेकसाच्या आसपास डोंगर जवळ येतात, बोगदा लागतो, आणि डोंगरगढला बमलेश्वरीची टेकडी खिडकीतून दिसते. त्यानंतर राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. अश्विन संपत आला होता. रुळांच्या दोन्ही बाजूंना धान पिवळे पडले होते, काही बांध्यांत कापणी सुरू झाली होती. आपल्या भंडारा-गोंदियातही हाच धानाचा पट्टा आहे, त्यामुळे राज्याची हद्द कुठे ओलांडली ते शेतावरून कळत नाही. डब्यात बरीचशी माणसे नागपूरच्या बांधकामांवरून सणासाठी घरी परतणारी होती. गाठोडी, स्टीलच्या बादल्या, कडेवर पोरे. नागपूरकर छत्तीसगढच्या माणसाला ओळखतो ते बहुधा असेच, विटांच्या थप्पीपाशी. तो ज्या प्रदेशातून येतो त्याला ‘धान का कटोरा’ म्हणतात, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो आणि दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडत नाही.

मराठी माणसाचा या मुलखाशी जुना संबंध आहे, आणि तो सगळाच अभिमानाने सांगण्यासारखा नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या हाताखाली बंगालकडे जाताना रतनपूरवर आल्या आणि कलचुरींची जुनी सत्ता मोडली. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरात राहिले. त्यांच्यानंतर सुभेदार आले, वसुली आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. मावशीच्या सासरची माणसे केव्हा आली ते घरात नक्की कुणाला ठाऊक नाही, पण देवघरातली भाषा मराठी, अंगणातली हिंदी आणि कामवाल्या बाईंशी छत्तीसगढी, अशी त्यांची वाटणी पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

पहिल्या सकाळी महंत घासीदास स्मारक संग्रहालयात गेलो. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली ते उभारले. आमच्या नागपूरचा अजब बंगला १८६३चा, त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी. सध्याची इमारत १९५३ची, तिचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. मी तिथे गेले ती सिरपूरच्या धातुमूर्तींसाठी. रायपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, महानदीच्या काठी सिरपूर, म्हणजे दक्षिण कोसलची राजधानी श्रीपूर. तिथले विटांचे लक्ष्मण मंदिर राणी वासटेने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ सातव्या शतकात बांधले. त्याच परिसरात गेल्या शतकात बौद्ध धातुमूर्तींचा साठा सापडला, त्यातल्या काही रायपुरात आहेत.

सिरपूरच्या ओतारींचे काम पाहताना मला काल्फ आठवला, आणि हे दोघे एकमेकांपासून हजार वर्षे आणि हजारो मैल दूर आहेत याची अडचण वाटली नाही. सिरपूरच्या उत्तम मूर्तींत डोळ्यांत चांदी बसवलेली असते, ओठांवर तांबे, अंगावर सोन्याचा मुलामा. एका धातूवर दुसरा धातू ठेवला की प्रकाश दोघांवर वेगळा पडतो, हे त्या कारागिराला माहीत होते. काल्फलाही तेच ठाऊक होते. त्याचे सगळे सामर्थ्य एवढ्यातच आहे. अंधारी पार्श्वभूमी, डावीकडून येणारा उजेड, संगमरवरी पाट्यावर अर्धवट ओढलेला गालिचा, चांदीचे तबक, त्यावर लिंबू. चांदीवरचा चमकता ठिपका थंड पांढरा, चिनी मातीवरचा निळसर, काचेवरचा खिडकीच्या आकाराचा. सोललेल्या लिंबाची पांढरी साल आणि आतली ओली फोड यांत तो जितका रमतो तितका कुठेच नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे १६५३च्या आसपासचे एक चित्र आहे. त्यात ॲम्स्टरडॅमच्या धनुर्धारी मंडळाचे रेड्याच्या शिंगाचे, चांदीने मढवलेले पानपात्र आहे. ते शिंग १५६५ साली घडवलेले, आजही ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. काल्फ स्वतः कलावस्तूंचा व्यापारही करी. अशा वस्तू त्याच्या हाताखालून जात, आणि तीच भांडी त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा भेटतात. गटेने काल्फच्या चित्राविषयी लिहिताना म्हटले होते की सोन्याची पात्रे आणि हे चित्र यांतून एकच निवडायला सांगितले तर आपण चित्र घेऊ. मला हे अगदी पटते. पात्राची किंमत धातूची, चित्राची किंमत पाहण्याची.

दुपारी दुधाधारी मठात गेलो. महाराजबंध तलावाजवळचे हे वैष्णव स्थान सतराव्या शतकातले मानतात, म्हणजे डी हेम आणि काल्फच्या काळाचे. मठाचे महंत बलभद्रदास फक्त दुधावर राहत, म्हणून हे नाव. भिंतींवर रामकथेची चित्रे आहेत, ती भोसले काळाशी जोडली जातात. एकीकडे फक्त दुधावर राहणारा माणूस आणि दुसरीकडे त्याच गाभाऱ्यासमोर सणाला पक्वान्नांचा भोग. हा विरोध युरोपातही होता. स्पेनमधला हुआन सांचेझ कोतान घ्या. १६०२च्या सुमारास त्याने एक खिडकी रंगवली. तिच्यात दोऱ्याला बांधून लोंबकळणारे बिहीफळ आणि कोबी, खाली चिरलेले खरबूज आणि काकडी, मागे काळा अंधार. दुसरे काही नाही. पुढच्याच वर्षी तो कार्थुसियन मठात जाऊन राहिला, जिथे मांस खाणे कायमचे वर्ज्य. त्याचा कोबी मला व्हान उट्रेख्टच्या सगळ्या मेजवानीपेक्षा श्रीमंत वाटतो. मठाच्या ओसरीत बसून मी वहिनींना ते चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, “ताई, हे तर झालरीसारखं टांगलंय. उद्या गोलबाजारात दाखवते तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी ती झालर पाहिली, आणि रायपूरला आल्याचे सार्थक झाले.

गोलबाजार हा रायपूरचा जुना बाजार. मालवीय रोडवरून आत शिरले की किराणा, पूजेचे सामान, भांडी, मातीचे दिवे, सगळे एकमेकांत मिसळलेले. दिवाळीआधीच्या दिवसांत तिथे खेड्यातून आलेल्या बायका आणि पुरुष धानाच्या ओंब्यांच्या झालरी विकायला बसतात. नव्या धानाच्या लोंब्या काडीसकट घेऊन एकमेकींत अशा विणतात की वर घट्ट वीण आणि खाली दाण्यांचे लोंबते घोस. ही झालर दाराच्या चौकटीला बांधायची. नवे धान घरात आले याची खूण, लक्ष्मीचे स्वागत, आणि चिमण्यांचे खाणे. पुढचे कित्येक दिवस पाखरे येऊन दाणे टिपतात आणि हळूहळू झालरीत नुसता पेंढा उरतो. मी एक हातात घेतली. ओंबीच्या प्रत्येक दाण्याला टोकाशी काळपट ठिपका होता, तूस सोनेरी, देठ अजून किंचित हिरवट. आठवड्याने हा हिरवा जाणार होता.

“का लेहू दीदी?” विकणाऱ्या बाईंनी विचारले. वहिनी त्यांच्याशी छत्तीसगढीत बोलू लागल्या. वीण त्या आईकडून शिकल्या होत्या. धान त्यांच्या स्वतःच्या शेतातले नव्हते. ज्या शेतात कापणीला जातात तिथल्या मालकाकडून मागून घेतलेल्या लोंब्या होत्या. व्हान उट्रेख्टच्या चित्रात मला न मिळालेले उत्तर हे असे मिळाले. वस्तूच्या मागे दोन हात होते, आणि त्यांची मालकी वस्तूवर नव्हती.

जवळच एक कुंभार मातीचे पोपट विकत होता. हिरवे, लाल चोचीचे. छत्तीसगढात या दिवसांत बायका सुआ नाचतात. टोपलीत धान भरतात, त्यावर मातीचा सुआ म्हणजे पोपट ठेवतात, टोपली मध्ये ठेवून भोवती गोल धरून, टाळ्यांच्या तालावर वाकत गातात. घरोघर जाऊन नाचतात आणि घरची मंडळी त्यांना धान, तांदूळ, पैसे देतात. डच चित्रांतला पोपट समुद्रापलीकडून आणलेला, मालकाची ऐपत दाखवणारा. हा पोपट धानावर बसून गावभर फिरतो, आणि गाणे बायकांच्या मनातले बोलते. संध्याकाळी मावशीच्या गल्लीत एक टोळी आली. मावशीने सुपात तांदूळ आणले, टोपलीत ओतले, टोपलीला हात लावून नमस्कार केला.

किराण्याच्या दुकानात मी मिरी मागितली. दुकानदाराने जुन्या वहीचा कागद घेतला, बोटांवर गुंडाळून शंकूसारखी पुडी केली, मिरी भरली, वरचे टोक मोडून बंद केली. पीटर क्लासचे १६२७ सालचे रिक्स म्युझियममधले चित्र माझ्या पिशवीतच होते. त्यात टर्कीचे मांस भरलेली, पिसे लावून सजवलेली पाई आहे, मोत्याच्या रंगाचा शिंपल्याचा पेला आहे, आणि पुढे तबकात पंचांगाच्या फाटक्या पानाची पुडी आहे, तीतून मसाला सांडला आहे. मी ते चित्र दुकानदारांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि आपल्या मुलाला हाक मारली, “देख, हमारे जैसी पुडिया.” चारशे वर्षांपूर्वीच्या हार्लेममधली पुडी त्यांनी क्षणात ओळखली.

मिरी हार्लेमला कशी पोचली, ते मराठी माणसाला वेगळे सांगायला नको, कारण त्या वाटेवरचे एक ठाणे आपल्याच किनाऱ्यावर आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली. तिने १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला ही जागा उत्तम होती. वखारीच्या पडक्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत. अँटवर्प आणि हार्लेमच्या मेजांवर जे जे चमकते, त्यातले अर्धे असे जहाजांनी, तोफांच्या सोबतीने आलेले होते. आणि ही भरल्या ताटांची चित्रे शांततेच्या काळातलीही नाहीत. व्हान उट्रेख्टने १६४४ साली मेजवानी रंगवली तेव्हा स्पेन आणि डच यांचे युद्ध चालू होते. तह झाला तो १६४८ साली. खुद्द अँटवर्पच्या बंदराची वाट, शेल्ट नदी, १५८५ पासून डचांनी अडवून धरली होती. उपासमार पाहिलेल्या माणसांनीच इतके अन्न इतक्या बारकाईने रंगवले असावे, असे मला वाटते. छत्तीसगढलाही १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी पिळून काढले होते. दाराला धान टांगणाऱ्या घरांत त्या आठवणी कुठेतरी असणारच.

तांदळाचीच एक वेगळी श्रीमंती पाहायला आम्ही इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात गेलो. वहिनींच्या ओळखीने परवानगी मिळाली. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूरच्या तांदूळ संशोधन संस्थेतून गावोगाव फिरून सुमारे १९,००० नमुने गोळा केले. तो संग्रह आज या विद्यापीठाकडे आहे आणि वाढून तेवीस हजारांच्या पुढे गेला आहे. मी चित्रकार म्हणून पाहत होते. एक साळ काळी, एक तांबडी, एक पिवळीवर तपकिरी रेघांची. एकीला दाण्याहून लांब कुसळ. एकीचा दाणा जिऱ्याएवढा. सरगुज्याचा जीराफूल तो हाच. दुबराज, विष्णुभोग, बादशाहभोग, सफरी, गुरमटिया ही नावे उच्चारतानाच ताट भरल्यासारखे होते. २००२ साली सिंजेंटा या स्विस कंपनीशी या संग्रहाच्या वापराचा करार होऊ घातला होता. शेतकरी आणि कार्यकर्त्यांनी जोराचा विरोध केला आणि वर्षअखेरीला कंपनी मागे हटली. वेंगुर्ल्याच्या वखारीपासून ही गोष्ट फार लांबची नाही.

मला वाटते, बरोक चित्रकारांना हा संग्रह दाखवला असता तर ते वेडे झाले असते. विलेम ब्यूर्सने १६९२ साली चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात द्राक्ष कसे रंगवावे, लिंबू कसे, पीचची लव कशी, याच्या रंगवार कृती दिल्या आहेत. लिंबासाठी शिसे आणि कथील भाजून केलेला पिवळा रंग ते वापरत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हा रंग वापरातून असा गेला की त्याचा पत्ता पुन्हा १९४०च्या सुमारास लागला. लाल रंगांत एकेकाळी आपल्याकडची लाखही युरोपात जाई. छत्तीसगढच्या कुसुम आणि पळसाच्या झाडांवर लाखेचा किडा आजही वाढवतात. मेक्सिकोहून कोचिनील हा लाल रंग आल्यावर युरोपच्या चित्रकारांनी लाख मागे टाकली.

शेवटचे दोन दिवस आम्ही मावशीच्या पडवीत मेज मांडले. वहिनींनी लग्नातली कोशाची साडी काढली. कोसा म्हणजे टसर. अर्जुन आणि साजाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्याच्या कोशातला धागा, चांपा-रायगढकडे विणलेला. त्याचा मूळ रंग मधासारखा, आणि घडीचे टोक जिथे मोडते तिथे उजेड तुटून पडतो, गुळगुळीत रेशमासारखा सरळ वाहत नाही. त्यावर कांसाची थाळी, कांसाचा लोटा, आणि बटकी. बटकी म्हणजे इकडचा खोलगट वाडगा, जीत रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी बासी खातात. मावशीने चिंच आणि राखेने तिन्ही घासून दिली. मागे शबरी एम्पोरियममधून आणलेला बस्तरचा ओतीव हत्ती; मेणाचे दोर गुंडाळून केलेले ते नक्षीकाम उजेडात खडबडीत दिसते आणि थाळीचा गुळगुळीतपणा आणखी उठवते. वर चौकटीला धानाची झालर. खाली सुआ, मिरीची पुडी, अर्धे सोललेले लिंबू, आणि हाताने फोडलेले सीताफळ.

सीताफळाने आमची परीक्षा घेतली. फोडले की आतला गर दुधाळ पांढरा असतो, पण कडा लवकर तांबूस होऊ लागतात. बाकी वस्तू थांबतात, सीताफळ थांबत नाही. वहिनींनी आधी सगळे सोडून तेच घेतले, पातळ रंगात, भराभर. मी लोट्याशी झगडत होते. कांस पिवळे दिसते, पण पिवळ्या रंगाने ते होत नाही. सावलीत ते हिरवट करडे आहे, कोशाची साडी ज्या बाजूला आहे तिथे मधासारखे, आणि पडवीच्या दाराकडे तोंड असलेल्या जागी आकाशाचा फिकट निळा. अँटवर्पच्या क्लारा पीटर्सने १६११च्या सुमारास पेल्यांच्या चकाकीत स्वतःचा चेहरा पुन्हा पुन्हा रंगवला होता, कुंचला हातात घेतलेली बाई, नखाएवढी. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयाने २०१६ साली तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. एका स्त्री चित्रकाराचे तिथले ते पहिलेच. मी लोट्याच्या पोटात पाहिले तर दारात उभी मावशी होती, हातात चहाचे कप घेऊन, वाकडी आणि लांबुळकी. तिला तिथेच ठेवले. ज्या हातांनी कांस घासले ते चित्रात असायला हवेत.

मावशी विचारत होती, इतक्या साध्या घरच्या वस्तू कशाला काढता. कोशाची साडी, कांस, नवे धान. तिच्या लेखी हे साधे. माझ्या मते रायपुरात याहून श्रीमंत मेज मांडता आले नसते, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचा माणूस आम्हाला ठाऊक होता, नाहीतर निदान त्याची जात, गाव, धंदा ठाऊक होता. सतराव्या शतकात फ्रान्सच्या अकादमीत आंद्रे फेलिबियँने चित्रप्रकारांची उतरंड लावली आणि निर्जीव वस्तू रंगवणाऱ्याला तळाला बसवले. आपल्या शाळांतही तीच उतरंड नकळत आली आहे. स्थिरचित्र म्हणजे पहिली पायरी, हात बसवायचा, आणि मग ‘खऱ्या’ चित्राकडे जायचे. ज्यांनी डी हेम, काल्फ, क्लारा पीटर्स नीट पाहिले आहेत त्यांनी हे मानू नये.

चित्रकलेच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. या वर्षी इंटरमिजिएटच्या सरावाला कपाटातली प्लॅस्टिकची फळे काढू नका. मुलांना घेऊन आपल्या गावच्या बाजारात जा. सावंतवाडीला लाकडी रंगीत फळे आहेत, कोल्हापूरला गुळाच्या ढेपा आहेत, पैठणला पैठणी आहे, चंद्रपूर-गडचिरोलीला बांबू आणि मोहाची फुले आहेत, भंडाऱ्याला पितळेची भांडी आहेत. मुलांनी वस्तू स्वतः निवडावी, विकणाऱ्याला ती कुठून आली ते विचारावे, आणि मगच बाकावर मांडावी. आणि जमले तर अश्विनाच्या अखेरीस रायपूरला जा. गोलबाजारात झालरी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भरपूर मिळतात, सकाळी लवकर गेले तर ताज्या.